सरांच्या सवयींतून घडलेली स्पर्धा

कोल्हापुरातील आमच्या फोटोग्राफी क्लबमध्ये दर वर्षी डिसेंबर महिन्यात सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ एक स्पर्धा होते. जानेवारीत एक विषय जाहीर करायचा, सभासदांनी वर्षभर त्यावर काम करायचे आणि सरांच्या स्मृतिदिनाच्या आठवड्यात प्रिंट मांडून त्यांचे सर्वांसमक्ष परीक्षण करायचे, असे तिचे स्वरूप आहे. संयोजनाची जबाबदारी सुरुवातीपासून माझ्याकडे आहे. इतर गावांतील क्लबचे पदाधिकारी अधूनमधून आमची नियमावली मागवून घेतात. परंतु नुसता कागद वाचून कोणता नियम कशासाठी आला हे उमगत नाही, म्हणून त्यामागची हकिगत जरा सविस्तर लिहीत आहे.

सर एका शाळेत चित्रकला शिकवत असत आणि शाळा सुटली की सायकलला कॅमेऱ्याची पिशवी अडकवून बाहेर पडत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म आणि पूर्व जर्मनीहून येणारी ‘ओर्वो’ या दोन्हींवर त्यांचे बहुतेक काम झाले, कारण शिक्षकाच्या पगारात त्याच परवडत. घरातील न्हाणीघरालाच रात्री काळे पडदे लावून ते डार्करूम करीत. पुढे रंगीत फिल्म आली, नंतर डिजिटल कॅमेरे आले, तरी ते कृष्णधवलातच रमले. आमच्यापैकी अनेकांनी डेव्हलपर रसायनाच्या ट्रेमध्ये कागदावर चित्र उमटताना पहिल्यांदा पाहिले ते त्यांच्याच घरी. ते गेल्यानंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, काही रक्कम क्लबकडे कायम ठेव म्हणून दिली आणि तिच्या व्याजातून दर वर्षी काहीतरी करावे, एवढीच इच्छा सांगितली. काय करावे हे त्यांनी आमच्यावर सोपवले.

समितीत बहुतेकांचे म्हणणे असे होते की खुली स्पर्धा ठेवावी आणि सर्वोत्कृष्ट छायाचित्राला सरांच्या नावाची फिरती ढाल द्यावी. मी त्याला विरोध केला आणि आजही माझे मत बदललेले नाही. स्मृती स्पर्धा आपल्याकडे गावोगावी आहेत. वक्तृत्वाच्या आहेत, एकांकिकांच्या आहेत, कुस्तीच्या आहेत. त्यांतील पुष्कळ ठिकाणी दहा वर्षांत असे होते की ढालीवरचे नाव तेवढे उरते आणि ढाल जिंकणाऱ्याला ते गृहस्थ कोण होते, त्यांनी काय केले, हे ठाऊक नसते. ज्या माणसाच्या नावाने स्पर्धा आहे, त्याची काम करण्याची रीत स्पर्धेच्या नियमांत उतरली पाहिजे, म्हणजे भाग घेणाऱ्याला वर्षातून काही काळ तरी त्या रीतीने काम करावे लागेल, असा माझा आग्रह होता. पुढचे सारे नियम या एका आग्रहातून निघाले आहेत.

खुल्या स्पर्धेत काय होते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही क्लबच्या सभासदाला सांगायला नको. जेजुरीचा उधळलेला भंडारा, जोतिबाच्या चैत्र यात्रेतील गुलाल, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेतील धनगरी ढोल आणि वारीतील रिंगण, एवढ्यांवर अर्धे प्रदर्शन भरते. ही छायाचित्रे वाईट असतात असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांतील काही फार उत्तम असतात. परंतु तेच छायाचित्र सॅलॉनमागून सॅलॉनमध्ये, म्हणजे प्रवेशिकांतून निवड करून भरवल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक प्रदर्शनांत, फिरत राहते. १९५३ साली स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीच्या किंवा फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या सॅलॉनमध्ये स्वीकृतींची, म्हणजे निवडल्या गेलेल्या छायाचित्रांची, मोजणी होते, त्यावर पदव्या मिळतात, आणि पदवीच्या मागे लागलेला माणूस आधी यशस्वी ठरलेले छायाचित्र पुन्हा पाठवतो, हे साहजिकच आहे. आमच्या सभासदांनी सॅलॉनमध्ये जरूर भाग घ्यावा, मात्र सरांच्या स्पर्धेसाठी नवे काम करावे, असे ठरले. त्यासाठी विषय हवा आणि विषय जाहीर झाल्यानंतर टिपलेलेच छायाचित्र हवे, या दोन गोष्टी ओघाने आल्या.

विषयाची निवड ही या सगळ्या खटाटोपातील मला सर्वांत प्रिय वाटणारी पायरी आहे. जानेवारीच्या एखाद्या रविवारी आम्ही तिघे-चौघे काकूंच्या घरी जमतो आणि सरांच्या कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात एकत्र छापलेले कागद, टेबलावर पसरतो. कॉन्टॅक्ट शीटचा मोठा गुण असा की तिच्यावर निवडलेले एकच चित्र दिसत नाही, तर माणूस एका गोष्टीभोवती किती वेळ घुटमळला हे फ्रेममागून फ्रेम दिसते. एका शीटवर करवीर तालुक्यातील एक गुऱ्हाळ होते. काहिलीतून वर येणारी वाफ, तिच्यात अर्धा दिसणारा गुळव्या, चुलवाणात चिपाड सारणारा गडी, पुन्हा वाफ, पुन्हा गुळव्या. सबंध रोल त्यावर खर्ची पडलेला होता, आणि ज्या माणसाला फिल्मचा प्रत्येक तुकडा मोजून वापरावा लागत होता त्याने तो खर्च केला होता. त्यातून पहिल्या वर्षीचा विषय आला, ‘वाफ’.

त्या विषयाने आम्हांला बरेच शिकवले. ‘आनंद’, ‘स्वातंत्र्य’, ‘काळ’ असले विषय ऐकायला भारदस्त वाटतात, पण त्यांत संगणकातील कोणतेही जुने छायाचित्र बसवता येते आणि परीक्षकालाही विषयाशी संबंध आहे की नाही हे ठामपणे सांगता येत नाही. वाफेचे तसे नाही. वाफ चित्रात असते किंवा नसते. ती टिपायची तर प्रकाश मागून किंवा बाजूने घ्यावा लागतो, पाठीमागे काळोखी असावी लागते, लेन्सवर बाष्प धरते ते पुसत बसावे लागते, शटरचा वेग थोडा बदलला की तिचा आकारच बदलतो. सभासदांना गुऱ्हाळाशिवाय काय काय सापडले ते पाहून आम्ही चकित झालो: पहाटेची चहाची गाडी, मिसळीच्या कटाचे पातेले, इस्त्रीवाल्याचा ओला कपडा, बाळंतिणीच्या न्हाणीचे घंगाळ, थंडीत जनावरांच्या नाकपुड्यांतून निघणारा श्वास. तेव्हापासून विषय निवडताना आम्ही काही गोष्टी ताडून पाहतो. विषय डोळ्यांना दिसणारा असावा, घरापासून सायकलच्या अंतरात सापडणारा असावा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही त्यावर काम करता यावे, आणि महागडी लेन्स असणाऱ्याला त्यात विशेष फायदा नसावा. ‘पाठमोरे’, ‘उंबरठा’, ‘दुपार’ हे पुढचे विषय या कसोट्यांना उतरले. ‘पाठमोरे’ काकूंनी सुचवला होता. सरांच्या चित्रांतील माणसे बहुधा पाठमोरी का असतात, असे एका नव्या सभासदाने विचारले, तेव्हा काकू म्हणाल्या, “समोर उभं राहिलं की माणसं हातातलं काम सोडून यांच्याकडे बघायची. काम थांबू नये म्हणून हे मागं जाऊन उभे राहायचे.”

नवे छायाचित्रच द्यावे हा नियम लिहायला सोपा आणि राबवायला अवघड आहे. प्रत्येक डिजिटल फाइलमध्ये ती केव्हा, कोणत्या कॅमेऱ्याने टिपली याची एक्झिफ माहिती असते. परंतु कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल तर तारीखही चुकीची पडते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधून ही माहिती निघून जाते. म्हणून फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर द्यावी असे आम्ही सांगतो आणि जानेवारीच्या सभेत सर्वांकडून कॅमेऱ्याची तारीख तपासून घेतो. अंतिम फेरीत आलेल्यांकडून मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) किंवा मोबाइलमधील मूळ फाइल मागतो, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमही मागतो. या शेजारच्या फ्रेमना माझ्या लेखी तारखेपेक्षा अधिक मोल आहे. छायाचित्रकार त्या जागी किती थांबला, हे सरांच्या कॉन्टॅक्ट शीटसारखेच त्यांतून कळते. अंतिम फेरीतील सभासदांच्या या फ्रेम छोट्या आकारात छापून आम्ही प्रदर्शनात मुख्य प्रिंटच्या खाली लावतो, आणि पाहणारे लोक पुष्कळदा तिथेच अधिक रेंगाळतात.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सरांचे निगेटिव्ह वरच्या मजल्यावर हलवलेले असल्यामुळे बचावले, पण कित्येक सभासदांच्या घरांत पाणी शिरले. पुढच्या जानेवारीत ‘महापूर’ हाच विषय असावा अशी सूचना आली. अनेकांकडे पुराची छायाचित्रे होती आणि त्यांतील काही खरोखर मोलाची होती. समितीत यावर बराच वेळ बोलणे झाले. आपल्याच गल्लीतल्या माणसांना बोटीत बसवून नेत असतानाची छायाचित्रे स्पर्धेसाठी शेजारी शेजारी लावून त्यांना गुण द्यायचे, हे मला सहन होण्यासारखे नव्हते, आणि ते मी स्पष्टपणे बोललो. ती छायाचित्रे गावाचा दस्तऐवज म्हणून जपावीत, त्यांची स्पर्धा करू नये, असे ठरले आणि विषय ‘खूण’ घेतला. भिंतींवरच्या पाण्याच्या रेषा त्या वर्षी आल्याच. त्या येणार हे आम्हांला ठाऊक होते. पण मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सभासद घरात अडकले, आणि त्यांना घरातल्या खुणा दिसू लागल्या. दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजून ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा, देवघराच्या भिंतीवर वर्षानुवर्षांच्या समईची काजळी, पाट्यावर वरवंट्याने पडलेला खोलगट भाग, सासऱ्यांच्या आरामखुर्चीच्या हातावरचे उडालेले पॉलिश. प्रदर्शन त्या डिसेंबरात घेता आले नाही, ते पुढे ढकलावे लागले. परंतु एवढे एकजीव प्रदर्शन आमच्याकडे त्याआधी झाले नव्हते.

प्रिंट सक्तीची असण्याला नवे सभासद दर वर्षी हरकत घेतात, कारण तिला खर्च येतो. त्याचे उत्तर आम्ही ठेवीच्या व्याजातून दिले आहे. बक्षिसाची रोख रक्कम आम्ही ठेवलीच नाही. त्या पैशातून विद्यार्थी आणि नव्या सभासदांच्या प्रिंटचा व माउंटचा खर्च क्लब करतो. आकार सर्वांना एकच, १२ × १८ इंच, म्हणजे मोठ्या प्रिंटच्या जोरावर कोणी पुढे जात नाही. पडद्यावर चमकणारे चित्र कागदावर उतरले की सावल्यांतला तपशील बुडतो, आकाशाचा पांढरा भाग कोरा कागद होऊन राहतो, मग सभासद पुन्हा फाइल उघडतो, पुन्हा छापून घेतो, आणि या दुसऱ्या-तिसऱ्या प्रिंटच्या वेळी तो आपले चित्र प्रथमच नीट पाहतो. सर न्हाणीघरात हेच करीत असत. एकाच निगेटिव्हच्या चाचणीच्या पट्ट्या वाळत घातलेल्या असत आणि त्यांतली कोणती बरी, हे ते घरी आलेल्या कोणालाही विचारत.

परीक्षण बंद खोलीत होत नाही. शाहू स्मारक भवनासारखे दालन मिळाले तर तिथे, नाहीतर एखाद्या शाळेच्या सभागृहात, टेबलावर दिवसाच्या उजेडाशी मिळतेजुळते ५००० केल्विनचे दिवे लावून एकेक प्रिंट ठेवली जाते. प्रिंटच्या मागे नाव नसते, फक्त क्रमांक असतो, आणि क्रमांकांची यादी समितीबाहेरील एका व्यक्तीकडे बंद पाकिटात असते. सभासद भिंतीलगत बसून पाहतात. त्यांनी मध्ये बोलायचे नसते. परीक्षक तीन असतात, त्यांतला एकच छायाचित्रकार. दुसरा चित्रकार असतो, कारण आबालाल रहिमान यांच्यापासून चालत आलेली निसर्गचित्रणाची परंपरा या गावात आहे आणि इथला चित्रकार प्रकाशाबद्दल जे बोलतो ते कॅमेऱ्याच्या पुस्तकात सापडत नाही. तिसरा परीक्षक विषयाकडून येतो. ‘वाफ’ विषयाच्या वर्षी एका जुन्या गुळव्याला बोलावले होते. एका देखण्या छायाचित्राबद्दल ते म्हणाले की या काहिलीतला रस अजून उकळलेला नाही, ही वाफ ओल्या चिपाडाच्या धुराची आहे. छायाचित्रकार आणि चित्रकार दोघांनीही त्या चित्राला वरचे गुण दिले होते. दोघांनी ते पुन्हा पाहिले आणि चर्चा कितीतरी वेळ चालली. असे प्रसंग सभासदांच्या देखत घडतात, म्हणूनच निकालाविषयी कुरबुर आमच्याकडे कमी होते. हरलेल्याने आपल्या चित्राबद्दल काय बोलले गेले ते स्वतःच्या कानांनी ऐकलेले असते.

गुणांच्या बेरजेविषयी मात्र सांगितले पाहिजे, कारण ती अडचण प्रत्येक क्लबला येते. प्रत्येक परीक्षक १० पैकी गुण देतो. एका प्रिंटला ९, ९ आणि ३ मिळाले आणि दुसरीला ७, ७, ७ मिळाले, तर बेरीज दोन्हींची २१ होते. पहिल्या प्रिंटने दोघांना खोलवर स्पर्श केला आहे आणि तिसऱ्याला ती पटलेली नाही. दुसरीवर कोणाचा आक्षेप नाही, पण तिच्यासाठी कोणी भांडणारही नाही. शुद्ध बेरीज धरली तर वर्षानुवर्षे दुसऱ्या प्रकारची चित्रे जिंकत राहतात आणि सभासद तशीच चित्रे काढू लागतात. म्हणून प्रत्येक परीक्षकाला एक प्रिंट राखून ठेवण्याचा अधिकार दिला. बेरीज कितीही असो, ती प्रिंट अंतिम फेरीत जाते. अट एवढीच की ती का राखली हे त्याने सर्वांसमोर उभे राहून सांगायचे. अंतिम फेरीत गुण नसतातच. तिघांनी बोलून एकमत करायचे आणि ते झाले नाही तर बहुमताने ठरवायचे.

ज्या नियमाबद्दल मला सर्वाधिक ओढ वाटते तो नियमावलीत शेवटी आहे. छायाचित्रात ओळखू येईल अशी व्यक्ती असेल तर तिची संमती घ्यावी आणि स्पर्धेपूर्वी तिला एक प्रिंट नेऊन द्यावी. काकू सांगतात की सर फिरून आले की आधी कोणाच्या घरी काय चालले आहे ते सांगत, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, आणि फोटोंचे बोलणे नंतर निघे. प्रिंट द्यायला दुसऱ्यांदा जाणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. नियम झाला तेव्हा काहींना ती कटकट वाटली. आता प्रिंट द्यायला गेलेला सभासद पुष्कळदा पहिल्यापेक्षा चांगले छायाचित्र घेऊन परततो, कारण दुसऱ्या भेटीत तो परका राहिलेला नसतो. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ही माणसे येतात, आपल्या चित्रासमोर घरच्यांना उभे करतात. कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका मावशींनी आपल्या चित्रात टाके घालायची आरी उलट्या हातात कशी दिसते म्हणून विचारले, आणि चित्र छापताना डावे-उजवे उलटले गेले होते ते तेव्हा ध्यानात येऊन वेळेवर बदलता आले.

हक्कांबाबत आमचा नियम दोन ओळींचा आहे. पुष्कळ स्पर्धा प्रवेशिकेबरोबरच छायाचित्राचे सर्व हक्क मागून घेतात. आम्ही प्रदर्शनात लावण्यापुरती परवानगी घेतो, बाकी हक्क छायाचित्रकाराचे. सरांच्या चित्रांनाही हेच लागू आहे. कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा प्रताधिकार (कॉपीराइट) छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि तो वारसांकडे जातो. त्यामुळे दर वर्षी विषयाशी जुळणारी सरांची जी चित्रे आम्ही स्कॅन करून प्रदर्शनात लावतो, त्यांसाठी काकूंची लेखी संमती घेतो. घरचेच असताना कागद कशाला, असे त्या म्हणतात, तरी आम्ही तो करतो. निगेटिव्हची देखभालही या निमित्ताने होते. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत फिल्मवर बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या बदलणे आणि पाकिटे उघडून पाहणे, हे काम दसऱ्याच्या आधी दोन तरुण सभासद करतात.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. ठेवीचे व्याजदर बदलत राहतात आणि कागदाच्या, माउंटच्या किमती वाढत जातात, त्यामुळे तूट सभासदांच्या वर्गणीतून भरली जाते. एका व्यावसायिकाने सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. स्पर्धेच्या नावाआधी आपल्या दुकानाचे नाव यावे अशी त्यांची अट होती, ती आम्ही मान्य केली नाही.

२०२३ साली बोरिस एल्डॅगसेन या जर्मन कलावंताने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधील आपले विजेते चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले असल्याचे सांगून पुरस्कार नाकारला, तेव्हा आमच्याही सभेत यावर बोलणे झाले. आमच्या नियमांत फारसा बदल करावा लागला नाही. मूळ फाइल, शेजारच्या फ्रेम आणि ज्याचे चित्र त्याच्या हातात दिलेली प्रिंट, या तीन गोष्टी मागितल्या की बनवलेले चित्र आपोआप बाहेर राहते. चित्रातील वस्तू काढणे किंवा घालणे वर्ज्य आहे हे एक वाक्य तेवढे जोडले. मोबाइलचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण कित्येक मोबाइल चार-सहा फ्रेम स्वतःच एकत्र करून एक चित्र तयार करतात, आणि ते छायाचित्रकाराने केलेले नसते. मोबाइलला बंदी घालावी असे मला वाटत नाही. आमच्या सर्वांत मेहनती सभासदांपैकी काहींकडे दुसरा कॅमेराच नाही. पुढच्या वर्षी मोबाइलवर रॉ पद्धतीने कसे टिपावे याची कार्यशाळा जानेवारीच्या सभेलाच जोडून घ्यावी, असा ठराव झाला आहे.

नव्या वर्षाचा विषय ‘ओझे’ ठरला आहे. सरांच्या एका शीटवर लक्ष्मीपुरीच्या बाजारातील हमाल आहेत, त्यांच्यावरून तो सुचला. तिसरे परीक्षक म्हणून बाजारात आयुष्यभर पोती वाहिलेल्या एका काकांना विचारले आहे. त्यांनी होकार दिला आहे, मात्र आपल्याला गुण लिहिता येणार नाहीत, तोंडीच सांगू, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचे आकडे टिपून घेण्यासाठी त्यांच्याजवळ कोण बसणार, हे पुढच्या बैठकीत ठरेल.